श्रेणी, संघ आणि सत्ताधारी पक्ष : एका प्रवादाची छाननी

आपल्याकडील लेण्यांतील लेखांत 'श्रेणी' हा शब्द दिसला कीं त्याचें भाषांतर 'ट्रेड युनियन' असें करून मोकळें होण्याची एक चाल पडली आहे. शाळांच्या पुस्तकांत, व्याख्यानांत, आणि खेदाची गोष्ट म्हणजे संशोधकांच्या टिपणांतही, ती आढळते. या भाषांतराच्या पाठोपाठ दुसरें एक विधान हटकून येतें. तें असें कीं, प्राचीन राजे श्रेणींच्या कारभारांत हात घालीत नसत. अलीकडच्या काळांत मात्र सत्ताधारी पक्षानें कामगारांचे संघ आपल्या दावणीस बांधले, आणि सगळा बिघाड तेथून झाला. यांपैकीं पहिलें विधान चुकीचें व दुसरें अर्धवट आहे, असें आमचें मत आहे. तें साधार मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम नाशिकच्या लेखाकडे वळूं. पांडव लेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत क्षहरात नहपानाचा जांवई उषवदात याचा ४२ व्या वर्षाचा लेख आहे. त्यानें ३००० कार्षापणांची अक्षयनीवी गोवर्धन येथील श्रेणींपाशीं ठेविली. पैकीं २००० कोष्ट्यांच्या एका निकायाकडे दरमहा शेंकडा एक या व्याजानें, आणि १००० दुसऱ्या कोष्टी-निकायाकडे शेंकडा पाऊण या व्याजानें. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, व्याज मात्र भोगावयाचें. हिशेब सरळ आहे : २००० चें वर्षाचें व्याज २४० होतें, आणि लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं १२ कार्षापण चीवरासाठीं मिळतात. हें सर्व निगमसभेंत ऐकविलें गेलें व रिवाजाप्रमाणें फलकावर चढविलें गेलें.

या लेखांतील कोष्टी कोण होते? ज्याच्याकडे दोन हजार नाणीं बिनमुदत ठेवावीं आणि ज्यानें तीं धंद्यांत गुंतवून दर साल व्याज द्यावें, तो माग आणि भांडवल बाळगणारा कारागीर होय. तो कोणाच्या दारीं मजुरीला उभा नाहीं. आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळच्या नाशिकच्याच लेखांतील कुंभार, पाण्याचीं यंत्रें करणारे व तेली, किंवा जुन्नरच्या लेखांतील बुरूड, कासार व धान्याचे व्यापारी यांविषयींही हेंच म्हणावें लागतें. जुन्नरास तर धान्यवाल्यांच्या श्रेणीनें लेणें व पाण्याची पोढी दान केली आहे. श्रेणी म्हणजे पेढी, जात-पंचायत व कारखानदारांचें मंडळ यांचें मिश्रण होतें. मजूर जो, तो स्मृतींत व अर्थशास्त्रांत निराळ्या प्रकरणांत येतो. 'कर्मकर' व 'भृतक' हे त्याचे शब्द. टोळीनें कामाला लागणाऱ्या मजुरांना कौटिल्यानें 'संघभृत' म्हटलें आहे. गिरणी कामगाराचा पूर्वज शोधावयाचाच असेल तर तो या प्रकरणांत शोधावा. नाशिकच्या कोष्ट्यांत तो सांपडणार नाहीं.

आतां राजा अलिप्त होता काय, हा प्रश्न. याज्ञवल्क्य व नारद यांनीं श्रेणी, नैगम इत्यादि समूहांचे 'समय', म्हणजे आपसांतील करार, राजानें पाळवावे असें सांगितलें आहे, तें खरें. पण त्याच याज्ञवल्क्यानें भाव चढविण्यासाठीं एकत्र झालेल्या कारागिरांना जबर दंड सांगितला आहे, आणि कौटिल्यानें अशा कारु-शिल्पींना सहस्र पणांचा दंड ठरविला आहे. अर्थशास्त्राचें संघवृत्त हें अकरावें अधिकरण तर संघांना राजानें कसें वश करावें याचेंच शास्त्र आहे. अनुकूल असतील त्यांस साम-दानानें वळवावें, प्रतिकूल असतील त्यांस भेद व दंड यांनीं मोडावें, असा त्याचा रोख आहे. तेथील संघ हे गणराज्यें व क्षत्रियश्रेणी आहेत, कारागीर नव्हेत, हें आम्ही विसरत नाहीं. त्याचा दाखला कामगार-संघांना जसाच्या तसा लावणें हीही पहिल्यासारखीच चूक होईल. परंतु समूहाच्या बळाकडे राजानें उदासीनपणें पाहिलें असें म्हणणारांनीं हें अधिकरण वाचलेलें नसावें.

असो. हें झालें प्राचीनांविषयीं. आतां ज्या संघांना खरोखर कामगार-संघ म्हणतां येईल त्यांकडे येऊं.

मुंबईंत त्यांची कथा नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापासून सांगतात. १८८४ सालीं त्यांनीं गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या व साडेपांच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनकडे धाडला. १८९० च्या एप्रिलांत दहा हजार कामगारांची सभा झाली आणि त्याच वर्षीं जूनमध्यें गिरणीमालकांनीं आठवड्याची सुट्टी मान्य केली. त्यांच्या बाँबे मिलहँड्स असोसिएशनला सभासदांची यादी, निधि वा लेखी नियम नव्हते, हें पुष्कळांनीं उणें म्हणून नोंदविलें आहे. आम्हांस त्यांत दुसरेंच कांहीं दिसतें. यादी नसल्यामुळें त्या संस्थेचें बळ किती हें कोणी अधिकारी मोजूं शकत नव्हता. सभेला माणसें किती जमलीं हेंच तिचें माप होतें. लोखंडे यांस रावबहादुर हा किताब मिळाला, त्यावरून ते सरकारधार्जिणे होते असें कोणी म्हणतात. सरकार परकी होतें आणि पक्ष असा सत्तेवर कोणीच नव्हता. तेव्हां आजच्या अर्थानें हा प्रश्नच तेथें लागू पडत नाहीं.

१९०८ सालीं लोकमान्यांना शिक्षा झाली तेव्हां गिरण्या बंद पडल्या. १९२० च्या ऑक्टोबरांत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखालीं मुंबईंत आयटक स्थापन झाली. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला. १९२८ चा सहा महिन्यांचा संप झाला व त्यांतून गिरणी कामगार युनियन वर आली. पुढच्या मार्चमध्यें मीरत खटल्यासाठीं तिचे पुढारी पकडले गेले. ही सर्व हकीकत सुपरिचित असल्यामुळें तिचा विस्तार करीत नाहीं.

आमच्या प्रश्नाला खरा आरंभ १९३७ सालीं होतो. त्या साली बाळासाहेब खेर यांचें काँग्रेस मंत्रिमंडळ मुंबई इलाख्यांत अधिकारावर आलें, आणि जो पक्ष कालपर्यंत सरकारशीं झगडत होता तोच सरकार झाला. दुसऱ्या वर्षीं त्या मंत्रिमंडळानें औद्योगिक तंट्यांचा कायदा आणला. तडजोडीची सारी पायरी ओलांडल्यावांचून केलेला संप बेकायदा ठरविणें, हा त्याचा गाभा. डॉ. आंबेडकर यांनीं विधिमंडळांत त्यास कडवा विरोध केला; संपाचा हक्क आणि माणसाचें स्वातंत्र्य यांना त्यांनीं एकाच गोष्टीचीं दोन नांवें मानलें. ७ नोव्हेंबर १९३८ रोजीं स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट पुढारी यांनीं मिळून एक दिवसाचा संप केला. पोलिसांनीं गोळीबार केला. स्वदेशी मंत्र्यांच्या हुकमतीखालीं मुंबईच्या कामगारांवर झडलेली ती गोळी जुन्या गिरणगांवच्या लोकांना दीर्घकाळ आठवत होती.

येथें अहमदाबादेचा उल्लेख केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. तेथील मजूर महाजन १९२० सालीं महात्मा गांधी व अनसूयाबेन साराभाई यांच्या प्रेरणेनें उभें राहिलें. 'महाजन' हा शब्द वाचकांनीं लक्षांत घ्यावा. गुजराथेंत महाजन म्हणजे व्यापाऱ्यांची श्रेणी. मजुरांच्या संघानें मालकांच्या श्रेणीचें नांव घेतलें, आणि नांवाबरोबर लवादाची रीतही घेतली. श्रेणी आणि कामगार-संघ यांचा खरा ऐतिहासिक सांधा कोठें असेल तर तो नाशिकच्या लेण्यांत नसून या एका शब्दांत आहे. प्रवाद पसरविणारांनीं तिकडे मुळींच लक्ष दिलेलें नाहीं! महाजन आयटकमध्यें कधीं गेलें नाहीं. त्याचे चिटणीस गुलझारीलाल नंदा १९२२ पासून १९४६ पर्यंत त्या कामीं होते. १९३७ च्या मंत्रिमंडळांत ते पार्लमेंटरी सेक्रेटरी झाले. १९४६ सालीं मुंबईचे मजूरमंत्री झाले व नवा औद्योगिक संबंध कायदा त्यांनींच विधिमंडळांतून पार पाडला. ३ मे १९४७ रोजीं दिल्लींत इंटक स्थापन झाली, तिच्याही प्रमुख संस्थापकांत ते होते. संघाचा चिटणीस, कायद्याचा कर्ता आणि सत्ताधारी पक्षाच्या मध्यवर्ती संघाचा संस्थापक या तीन भूमिका एका माणसांत आल्या. नंदा यांच्या सचोटीविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. उलट तें सर्वमान्य होतें. म्हणूनच हें उदाहरण शिकण्यासारखें आहे. लबाडीवांचूनही हा संबंध कसा घडतो तें त्यांत दिसतें.

आतां त्या कायद्याचा पाठ पाहूं. आम्हीं आयुष्यभर सूत्रें शिकविलीं, त्यामुळें कायदा हातीं आला कीं प्रथम संज्ञा आणि परिभाषा पाहण्याची खोड आहे. या कायद्यांत काँग्रेसचें नांव कोठेंही नाहीं, इंटकचें नाहीं, कोणत्याच पक्षाचें नाहीं. संज्ञा मात्र आहे : 'प्रातिनिधिक संघ'. कायदा पुढें ज्या रूपांत दीर्घकाळ चालला त्यांत एखाद्या क्षेत्रांतील एखाद्या धंद्याचे शेंकडा २५ कामगार लागोपाठ तीन महिने ज्याचे वर्गणीदार, तो प्रातिनिधिक. एका धंद्यांत, एका क्षेत्रांत असा संघ एकच. कांहीं अपवाद सोडतां, तंट्याच्या कामांत त्याच्यावांचून कामगाराच्या वतीनें दुसऱ्या कोणास उभें राहतां येत नाहीं. त्याचा करार सर्वांस बांधतो. वर्गणी न देणाऱ्या पंचाहत्तर जणांनाही. हा मान कोणास द्यावयाचा तें ठरविणारा रजिस्ट्रार सरकारनें नेमलेला. शिवाय 'मान्य संघ' म्हणून दुसरी एक पायरी आहे. तीवर चढावयाचें तर संघाच्या नियमांत असें लिहिलें पाहिजे कीं, न मिटलेला तंटा लवादाकडे सोंपविण्याची तयारी राहील, आणि सर्व उपाय थकल्यावर सभासदांच्या बहुमतानें, गुप्त मतदान घेऊनच, संप पुकारला जाईल.

या शेवटच्या अटीवर थोडें थांबावें. संप करावयाचा तर मतदान हवें. प्रातिनिधिक कोण हें ठरवावयाचें तर मतदान नको, वर्गणीच्या पावत्या पुरेत! एकाच कायद्यांत दोन ठिकाणीं दोन प्रमाणें. मीमांसकांच्या रीतीनें येथें प्रश्न विचारला पाहिजे कीं, ग्रंथकर्त्याचें तात्पर्य कोणतें? आमचें उत्तर असें कीं, कायद्याचें तात्पर्य स्थैर्य हें आहे, प्रतिनिधित्व हें नव्हे. मतें वर्षागणिक फिरतात. पावत्यांची पुस्तकें फिरत नाहींत. स्मृतिकारांच्या व्यवस्थेशीं तुलना केली तर भेद स्पष्ट होतो. समूहानें आपला समय करावा व राजानें तो पाळवावा, ही स्मृतींची रीत. समूहाचा समय कसा असावा हें राजानेंच लिहून द्यावें, ही या कायद्याची रीत.

या कायद्यान्वयें मुंबईच्या कापड धंद्यांत प्रातिनिधिक ठरला तो राष्ट्रीय मिल मजदूर संघ, इंटकचा व म्हणून सत्ताधारी पक्षाचा. त्याच्याविषयीं दोन टोकांचीं मतें आहेत. विरोधक म्हणतात, तो सरकारनें उभा केलेला बाहुला होता. कैवारी म्हणतात, कायदा निःपक्षपाती होता. दुसऱ्यांनीं वर्गणीदार जमविले असते तर त्यांना तो मान मिळाला असता. दोन्ही पक्षांची आम्हांस निराशा वाटते. बाहुला म्हणणारांना गं. द. आंबेकरांसारख्या पुढाऱ्यांनीं चाळींचाळींतून केलेलें काम दिसत नाहीं. तसेंच, स्वतः विरोधक संघही पक्षांचेच होते, याची आठवण नको असते. लाल बावट्याची युनियन कम्युनिस्टांची होती, मिल मजदूर सभा समाजवाद्यांची. पक्षाशीं नातें असणें हा दोष धरला तर मुंबईंत निर्दोष संघ शोधून सांपडणार नाहीं. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, कीं रजिस्ट्रार, पोलीस आणि विधिमंडळ एकाच पक्षाच्या हातीं होतें. कैवाऱ्यांचें उत्तर तर शब्दशः खरें आणि वस्तुतः पोकळ आहे. प्रातिनिधिक झालेल्या संघाला गिरणीच्या आवारांत वर्गणी गोळा करण्याची सवलत, करार त्याचा, कामगाराची दाद लावून घ्यावयाची तर वाट त्याच्या कचेरींतून. एवढें बळ ज्याला आहे त्याचे वर्गणीदार शेंकडा पंचवीस राहतात यांत नवल तें काय? कारण आणि कार्य एकमेकांस धरून उभीं आहेत.

याची पहिली परीक्षा १९५० च्या ऑगस्टांत झाली. बोनसच्या प्रश्नावर मिल मजदूर सभेनें दोन लाखांच्या आसपास कामगार बाहेर काढले. दोन महिन्यांवर संप चालला आणि हरला. प्रातिनिधिक संघ त्या संपांत नव्हता. दोन लाख माणसें ज्याच्या सांगण्यावरून घरीं बसलीं तो कायद्याच्या दृष्टीनें कोणी नव्हता, आणि ज्याच्या सांगण्यावरून बसलीं नाहींत तो त्यांचा प्रतिनिधि होता. संपाच्या पराभवावरून प्रातिनिधिक संघाचें बळ सिद्ध झालें असें तेव्हां म्हटलें गेलें. आमच्या मतें सिद्ध झालें तें कायद्याचें बळ.

दुसरी परीक्षा १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झाली व रीतसर संपलीच नाहीं. डॉ. दत्ता सामंत हे एके काळीं काँग्रेसमध्येंच होते, ही गोष्ट विसरूं नये. अडीच लाख कामगार त्यांच्या मागें गेले. पगारवाढीबरोबर त्यांची मागणी होती ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाची मान्यता काढण्याची व १९४६ चा कायदा रद्द करण्याची. पगाराच्या बाबतींत तडजोड होऊं शकली असती असें पुष्कळांना वाटतें. मान्यतेच्या बाबतींत सरकार हललें नाहीं. त्या संघाला सोडणें म्हणजे सत्ताधारी पक्षानें मुंबईंतील आपलाच एक हात तोडणें होतें. येथें आणखी एक गोष्ट दिसून येते, जिचा उल्लेख टीकाकार सहसा करीत नाहींत. दावण दोन्ही बाजूंनीं बांधलेली असते. संघ पक्षाला बांधला जातो तसा पक्षही संघाला बांधला जातो; ज्या संघाचे अनुयायी उठून गेले आहेत त्यालाही पक्ष सोडूं शकत नाहीं.

याज्ञवल्क्यानें समूहाच्या कामासाठीं धाडलेल्या माणसाविषयीं एक नियम केला आहे. त्या कामांत त्याला जें मिळेल तें त्यानें समूहाला द्यावें. न दिल्यास अकरापट भरावें. कामगारांच्या कामासाठीं गेलेल्या पुढाऱ्यांस, मग तो संघ कोणत्याही पक्षाचा असो, आमदारकी मिळते, महामंडळें मिळतात. तीं अकरापट कशीं वसूल करावीं हें मिताक्षरेंतही सांपडत नाहीं.

१९८२ सालीं आम्ही परळ भागांतील एका शाळेंत नुकतेच संस्कृत शिकवूं लागलों होतों. जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां हजेरीपटावरील कित्येक मुलें आलींच नाहींत. कोणी रत्नागिरीकडे, कोणी सातारा जिल्ह्यांत गांवीं गेलीं होतीं. जीं राहिलीं त्यांच्यापैकीं एकाचा बाप प्रातिनिधिक संघाची वर्गणी नियमानें भरणारा होता आणि संपांतही पहिल्या दिवसापासून होता. हें कसें, असें आम्हीं त्यास विचारलें. वर्गणी खात्यांत टिकण्यासाठीं आणि संप पोटासाठीं, असें त्यानें सांगितलें. कायद्याच्या हिशेबांत तो माणूस अखेरपर्यंत प्रातिनिधिक संघाचाच मोजला गेला असला पाहिजे.

हा एक माणूस आम्हांस ठाऊक. असे किती होते? इतिहासाला जें हवें तें येथें आहे, आणि त्याचें उत्तर स्मरणावर देतां येत नाहीं. मीना मेनन व नीरा आडारकर यांनीं २००४ सालीं गिरणगांवच्या लोकांच्या तोंडी आठवणींचा मोठा संग्रह इंग्रजींत प्रसिद्ध केला, त्याचें मोल आम्ही जाणतों. परंतु आठवण ही बखरीच्या जातीची असते. ती असल कागदाशीं ताडून पाहावी लागते. असल कागद म्हणजे येथें पावती-पुस्तकें, हजेरीचीं मस्टरें, गेटसभांचीं हस्तपत्रकें. आमचे संग्राहक-मित्र पेशवाईंतील एका वराताची चिठ्ठी मिळविण्यासाठीं तीन गांवें पायाखालीं घालतात, आणि घरच्या माळ्यावरील १९४९ ची वर्गणीची पावती रद्दीवाल्यास वजनावर देतात. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागीं मनोरे उभे राहिले. त्यांच्या कचेऱ्यांतील दफ्तरांचें काय झालें हें विचारणारा आमच्या मंडळींत क्वचितच भेटतो.

आमच्याजवळ एका जुन्या विद्यार्थ्यानें आणून दिलेलें एक बाड आहे. त्याच्या आजोबांच्या पेटींतलें. निम्में वाळवीनें खाल्लें आहे. उरलेल्यांत एका संघाच्या वर्गणीच्या पावत्यांचीं अर्धीं पानें आहेत. संघाचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. पावतीवर तारीख, खातें, तिकीट-नंबर व रक्कम. एका महिन्याच्या लागोपाठ चाळीस पावत्या एकाच हातच्या, एकाच शाईच्या, आणि एकाच दिवसाच्या आहेत. विद्यार्थी म्हणाला, हा खोट्या सभासदांचा उघड पुरावा. आम्हीं त्यास थांबविलें. गांवचा महजर एकट्या कुळकर्ण्याच्या हातचा असतो, म्हणून कोणी तो बनावट ठरवीत नाहीं. पगाराच्या दिवशीं फाटकापाशीं बसून एकानेंच भराभर पावत्या फाडल्या असतील. अर्धीं पानें पुस्तकांत उरलीं, म्हणजे दुसरीं अर्धीं कोणास तरी दिलीं गेलीं, कीं मागाहून फाडून टाकलीं, हें या पानांवरून कळत नाहीं. निर्णय एकाच उपायानें होईल : त्या खात्याच्या त्या महिन्याच्या मस्टरांत हे चाळीस तिकीट-नंबर ताडून पाहणें. नंबर मस्टरांत असतील आणि त्या दिवशीं हजेरी लागलेली असेल तर पावत्या विश्वासार्ह. नसतील तर प्रश्न उरतो. मस्टर अद्याप आम्हांस मिळालेलें नाहीं. १९४८ ते १९५० या काळचें गिरणीचें कोणत्याही खात्याचें मस्टर ज्या वाचकांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं तें या त्रैमासिकाच्या संपादकांस दाखवावें. फाटकें असलें तरी चालेल. तिकीट-नंबरांचा रकाना शाबूत असला म्हणजे पुरे.